मऊ दिवस

नदीच्या एका वळणावर खेकड्यांची वस्ती होती, आणि त्या वस्तीत एकाही बिळाला दार नव्हतं. दाराची गरजच कधी पडली नव्हती.

खेकड्याच्या जातीला वाढायचं तर अंगावरचं कवच उतरवावं लागतं. जुनं कवच काही अंगाबरोबर वाढत नाही. वर्षातून एकदा-दोनदा प्रत्येकावर ती वेळ यायची. कवच उतरलं की आतलं अंग लोण्यासारखं मऊ. डोळ्यांवरचा पापुद्रासुद्धा कवचाबरोबर निघून जाई, त्यामुळं चार दिवस डोळ्यांपुढं नुसता अंधार. अशा वेळी बिळाच्या तोंडाशी, जिथं ओल आणि वारा दोन्ही मिळतात तिथं, हातपाय सैल सोडून पडून राहायचं. जेवढं पसरावं तेवढं नवं कवच ऐसपैस होणार. याला वस्तीत मऊ दिवस म्हणत.

मऊ दिवस आले की उंबऱ्यावर शेवाळाचा एक ओला गोळा ठेवायची रीत होती. शेवाळ दिसलं की येणारा-जाणारा आपले दांड्यांवरचे डोळे खाली घेई, खोबणीत आडवे करी आणि चाचपडत पुढं जाई. कुणी धडपडायचा, कुणी दुसऱ्याच्या पाठीवर चढायचा, पण डोळा वर करायचा नाही. दारापेक्षा पक्कं होतं ते. त्या चार दिवसांत आत काय होतं हे कुणी कुणाला सांगत नसे. आई मुलीला एवढंच म्हणे, "उतरवलेलं टाकून देऊ नये गं, हाताला लागेल तसं पोटात घालावं." त्यापुढं मुलगी विचारत नसे, आईही सांगत नसे.

या वस्तीत ठिपकी नावाची एक तरणी खेकडी राहायची. तिला पहिल्यांदाच पिल्लं झाली होती, ज्वारीच्या दाण्याएवढी अठरा पिल्लं. बापाचं विचाराल, तर त्या वस्तीत बाप अंडी धरेपर्यंतच बाप असे. ठिपकीनं पिल्लं पोटाच्या झडपेखाली वागवली, आणि ती अंगणात उतरायला लागल्यापासून तिच्या जिवाला घोर लागला. दिवसातून किती वेळा मोजायची त्याला सुमार नव्हता. सतरा भरली की काळजाचं पाणी पाणी, अठरावं सापडलं की परत पहिल्यापासून, कारण मधल्या वेळात दुसरं एखादं गेलं असलं तर?

तिच्या शेजारी, दोन पावलांवर, करडी आक्का राहायची. आक्का वयस्कर, एकटी. तिच्या डाव्या नांगीचं टोक कुठल्याशा जुन्या पुरात दगडाखाली चेंगरून तुटलेलं. रोज सकाळी आक्का बीळ साफ करी आणि मातीचे गोळे बाहेर ढकली. ते घरंगळत ठिपकीच्या अंगणात येत.

"आक्का, तुमच्या गोळ्यांनी माझं अंगण अर्धं झालं की हो."

"माती ती. तुझ्यात गेली काय न् माझ्यात राहिली काय. नदी आली की दोघींचीही नेणार आहे."

"ती नेईल तेव्हा नेईल. आत्ता मी चालू कुठून?"

"तुझी अठरा पोरं माझ्या गोळ्यांवर घसरगुंडी खेळतात ते चालतं, आणि गोळे तेवढे चालत नाहीत होय?"

भांडण एवढंच. संध्याकाळी आक्काच पिल्लांना बोलावून चिखलातला किडा वाटून द्यायची.

एके दिवशी काठाकाठानं एक गोगलगाय आली. दारोदार हिंडायची, इकडचं तिकडं सांगायची. पाठीवर शंख, आणि शंखाला चिकटवून आणलेले रिकामे शिंपले, बाहेरून घासूनपुसून लखलखीत केलेले. ठिपकी पिल्लं मोजत होती तेव्हाच ती अंगणाशी थांबली.

"खालच्या काठावर तीन पोरं गेली म्हणे परवा," गोगलगाय म्हणाली.

ठिपकीची मोजणी चुकली. "गेली? कुणी नेली?"

"तेच तर ना. कुणी बघितलंच नाही." गोगलगायीनं एक शिंपला पुढं सरकवला. "हा उंबऱ्यावर तिरका लाव. बिळात पडल्या पडल्या सगळं अंगण दिसतं. तू कामात असलीस तरी त्याचा डोळा लागत नाही."

"याचं द्यायचं काय?"

"काही नको गं बाई. लेकुरवाळीकडून काय घ्यायचं? मी आपली आठ-पंधरा दिवसांनी येत जाईन. काय काय दिसलं तेवढं सांगत जा."

गोगलगायीचे पाय पोटात असतात हे वस्तीत पोरासोरांना ठाऊक होतं. ठिपकीलाही होतं. पण तीन पोरं गेली हे शब्द कानात शिरले होते, त्यापुढं बाकीचं शहाणपण मागं पडलं. तिनं शिंपला लावला आणि कित्येक दिवसांत पहिल्यांदा तिला गाढ झोप लागली.

शिंपला फुगीर होता. त्यात लांबचं सगळं दिसे, पण बारीक होऊन दिसे. आणि त्याच्या उजव्या कडेला आक्काचा उंबरा यायचा.

"ठिपके, ते चकाकतंय ते माझ्या दारात बघतंय," आक्का म्हणाली.

"तुमच्या नाही हो, माझ्या अंगणात बघतंय."

"मग माझे पाय मला त्यात दिसतात ते कसे काय?"

"तुमचा उंबराच मुळी माझ्या अंगणाला लागून. त्याला मी काय करू? आणि आक्का, ज्यानं काही केलं नाही त्यानं भ्यायचं कशाला?"

"भितंय कोण इथं? जरासा वळव, एवढंच म्हणते."

"वळवला तर चढण दिसत नाही. त्या वाटेनं कोण आलं तर? तुम्हाला काय, तुमच्या पोटाशी थोडंच कुणी आहे!"

बोलून गेल्यावर ठिपकीला वाटलं, हे नको होतं बोलायला. पण बोललेलं परत घेता येत नाही. आक्का आत गेली. शिंपला होता तसाच राहिला.

सुरुवातीला ठिपकी पिल्लांपुरतं बघायची. मग पिल्लं झोपली की उगाच बघायची. आक्का कितीदा बाहेर येते, पाठ कुठल्या दगडाला घासते, एकटीच काय पुटपुटते. गोगलगाय आली की बोलायला काहीतरी हवं, म्हणून ठिपकीनं हेही सांगितलं, अगदी हसत हसत. चार दिवसांनी पाणवठ्यावर कुणीतरी आक्काला म्हणालं, "काय आक्का, एकट्याच गप्पा मारता म्हणे!" आक्का तशीच माघारी वळली. घरी येऊन तिनं एकदा शिंपल्याकडं पाहिलं. त्या दिवसापासून ती एकटीनं बोलायची बंद झाली. ठिपकीला ते शिंपल्यात दिसलं. तिला कसंसंच झालं, पण मोजायची वेळ झाली होती म्हणून ती मोजायला लागली.

मग आक्काच्या उंबऱ्यावर शेवाळ आलं.

ठिपकी रीतीची होती. अंगणात निघाली की आक्काच्या बाजूला डोळे आडवे करूनच निघायची, पिल्लांनाही दटावायची. बिळात मात्र ती शिंपल्यासमोर बसे. मी दाराकडं कुठं बघतेय, मी शिंपल्यात बघतेय, असं ती स्वतःला सांगे. पहिल्या दिवशी तिनं उजव्या कडेला नजर जाऊ दिली नाही.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी पिल्लं सतरा भरली.

तिनं परत मोजली. सतरा. झडप उघडून पाहिली, गोळ्यांमागं पाहिलं, पाण्याच्या कडेला पाहिलं. धाकटी नव्हती. कणी नव्हती. नावाप्रमाणंच एवढीशी, सगळ्यांच्या मागं राहणारी कणी. ठिपकी धावत आत आली आणि शिंपल्याला डोळे लावले. अंगण रिकामं. चढण रिकामी. आणि उजव्या कडेला, आक्काच्या बिळात, काहीतरी हलत होतं.

ते आक्कासारखं नव्हतं. ते कशासारखंच नव्हतं. पांढरंफटक, मळलेल्या पिठाच्या गोळ्यासारखं, आकार ना उकार. त्याच्या तोंडात खेकड्याचा एक पाय होता. इवलासा, अगदी कणीच्या पायाएवढा. ते तो पाय कुरतडत होतं. कुरकुर आवाज इथवर येत होता.

मऊ दिवस ठिपकीनंही काढले होते. पण आंधळेपणी काढले होते. तेव्हा हाताला जे लागलं ते तिनं पोटात घातलं होतं, आणि ते बाहेरून कसं दिसत असेल हे तिला कधीच दिसलं नव्हतं. ते कुणालाच दिसलं नव्हतं.

"माझी कणी!" ती किंचाळली. "आक्काच्या बिळात काहीतरी आहे, माझी कणी खातंय हो!"

सगळी वस्ती धावली. वस्तीचा म्होरक्या थोरनांग्या, ज्याची नांगी त्याच्या अंगापेक्षा मोठी होती, तोही आला. पण उंबऱ्यावर शेवाळ होतं. सगळे डोळे आडवे करून उभे राहिले. पुढं कुणी जाईना.

"दाराकडं नका ना बघू," ठिपकी रडत म्हणाली. "या शिंपल्यात बघा. त्याला कुठं मनाई आहे?"

आधी थोरनांग्यानं बघितलं. मग एकेकानं. शेवाळाकडं पाठ करून, रीत मोडली नाही अशा बेतानं, सगळ्यांनी बघितलं.

"अगं बाई! काय आहे हे?"

"शेवाळाच्या आड हे चाललेलं होय!"

"मला तेव्हाच वाटलेलं. एकटीच बडबडायची ना ती."

थोरनांग्यानं आवाज दिला, "आत जे कोण असेल त्यानं बाहेर यावं."

आतून आक्काचाच आवाज आला, बारीक, पाण्याखालून आल्यासारखा. "माझे मऊ दिवस आहेत, दादा. दोन दिवस थांबा."

"पोरीच्या जिवाचा प्रश्न आहे, थांबतंय कोण!" मागून कुणीतरी ओरडलं.

मग आक्का म्हणाली, "डोळे तरी आडवे करा मग. मला दिसत नाही. केलेत का?"

वस्तीतला एक डोळा आडवा झाला नाही. एक तोंडही उघडलं नाही. सगळे ठिपकीकडं बघायला लागले, कारण पोर तिची होती.

"केलेत, आक्का," ठिपकी म्हणाली. "या."

आक्का बाहेर आली. भर उन्हात, शेवाळाचा गोळा ओलांडून, ते पांढरं अंग सरपटत आलं. सैलच होती ती, पाय मोकळे टाकलेले, कुणी बघत नाही अशा भरवशानं. मग एक पोर फिसकन हसलं आणि कुणीतरी पुटपुटलं, "केवढी पांढरी!"

तेव्हा तिला कळलं.

तिनं एकेक पाय पोटाखाली ओढून घेतला. डावा मागचा पाय तिरपा अडकला तो तसाच. एक नांगी उचलून तिनं तोंडाआड धरली. दुसऱ्या नांगीत अर्धवट खाल्लेलं काहीतरी होतं, ते खाली पडलं आणि घरंगळत थोरनांग्याच्या पायाशी आलं.

शिंपल्यात इवल्याशा पायासारखी दिसलेली ती एक जुनी नांगी होती. मोठी, करड्या रंगाची, टोक चेंगरून तुटलेली.

"ही तर आक्काचीच," थोरनांग्या म्हणाला.

काठावर कुणी हललं नाही. प्रत्येकाच्या तोंडात एक जुनी, चुन्यासारखी चव आली होती, आणि ती कुठली हे प्रत्येकाला ठाऊक होतं. पण मीही हेच खातो, असं एकहीजण म्हणाला नाही.

तेवढ्यात शिंपल्यामागून आवाज आला, "आई, झालं माझं. तू डोळे आडवे केलेस ना?"

कणी होती ती. गुलाबी, ओली, आंधळी. तोंडात ज्वारीच्या फोलपटाएवढं आपलं पहिलं कवच. पहिल्यांदाच मऊ दिवस आलेले, शेवाळ कुठं मिळतं ते ठाऊक नाही. त्या सगळ्या अंगणात शिंपल्याला न दिसणारी एकच जागा होती, शिंपल्याची पाठ. तिनं ती शोधून काढली होती.

ठिपकीनं झडप घालून कणीला पोटाखाली घेतलं. अठरा भरली. जीव भांड्यात पडला. आणि त्या आनंदात ती किती वेळ तशीच बसून राहिली हे तिला पुढं कधी आठवलं नाही. माणसं... नव्हे, खेकडेच ते, पण माणसांसारखेच एकेक करून सटकले. जाताना कुणी शेवाळ उचलून आक्काच्या अंगावर टाकलं नाही. कुणी सावलीला उभंही राहिलं नाही. ठिपकी भानावर येऊन धावली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. मऊ अंगाला उन्हात कवच धरायला चार दिवस लागत नाहीत. आक्का कडक झाली होती. जशी आकसली होती तशीच. पाय पोटाखाली, एक तिरपा, नांगी तोंडाआड.

ठिपकीनं तिला ओढत बिळात नेलं. त्यानंतर तीन दिवस ती किडे घेऊन उंबऱ्याशी जायची आणि न बोलता ठेवून यायची. चौथ्या दिवशी ती आत गेली.

"आक्का."

"बस."

"मी म्हणाले... केलेत म्हणून. डोळे. मी खोटं बोलले."

नांगीच्या आडून आक्काचा आवाज आला, रागाचा नाही, थकलेला. "आवाज ओळखला होता गं मी. तुझा होता म्हणून तर आले."

ठिपकी परत आली ती सरळ शिंपल्याशी. तिनं तो उपटला, ओढत डोहापर्यंत नेला आणि ढकलून दिला. मागं वळली तर समोरच्या उंबऱ्यावर एक शिंपला चमकत होता. त्याच्या पलीकडच्या उंबऱ्यावर एक. गोगलगाय दोन दिवस वस्तीतच मुक्कामाला होती. पोरं नेणारा चोर काही त्या दिवशी सापडला नव्हता, पण शिंपल्यात काय काय दिसतं हे सगळ्यांना पटलं होतं. आणि शेजाऱ्याकडं शिंपला आहे म्हटल्यावर आपल्याकडं नको कसं?

त्यानंतर उंबऱ्यावर शेवाळ ठेवायला कुणी धजेना. ठेवलं तर लोक जास्तच बघत. ठिपकीनंही ठेवलं नाही. तिचे मऊ दिवस आले तेव्हा तिनं मनाशी ठरवलं होतं, आपण पसरायचं, पोरांसाठी तरी पसरायचं. तिला दिसत नव्हतं, पण काठावरच्या साऱ्या शिंपल्यांची चमक अंगावर पडतेय असं वाटत होतं. अंगानं ऐकलं नाही. पाय आपोआप पोटाखाली गेले, नांगी आपोआप वर आली. डोळे परत आले तेव्हा ती तशीच कडक झाली होती. इतरांचंही तेच झालं. कणीचं पहिलं नवं कवच शिंपल्यांच्या नजरेआड झालेलं, ते सरळ होतं. त्यापुढचं तसं झालं नाही.

त्या वर्षीच्या पुरात आक्का गेली. तिला पाय रोवता आले नाहीत. ठिपकी रडली, पण बिळात तोंड घालून रडली, कुणाला दिसू नये म्हणून.

वर्षं गेली. सगळेच आकसलेले म्हटल्यावर कुणी कुणाला आकसलेलं म्हणेना. बिळंही त्याच मापानं खोदली जाऊ लागली. पोरांना वाटे, खेकडा असाच असतो.

मग एका सकाळी वरच्या अंगानं एक अनोळखी खेकडी वाहत्या पाण्याबरोबर आली आणि काठावर चढली. पोटाशी पिल्लं होती. मोठी होती ती, ऐसपैस. आठही पाय मोकळे टाकून चालत होती, नांग्या दोन्ही बाजूंना सैल सोडलेल्या, तोंड उघडं. वस्तीतला प्रत्येकजण आपल्या उंबऱ्यावर आला.

"बाई, इथं एखादं बीळ रिकामं आहे का हो?" तिनं हसून विचारलं.

कणी आईला चिकटली आणि दबक्या आवाजात म्हणाली, "आई, ही अशी कशी गं? हिला कधी कुणी बघितलंच नाही का?"

ठिपकीला वाटलं, पुढं व्हावं, निदान नजर तरी खाली करावी. पण तीही बघतच होती.

परकी खेकडी थबकली. तिनं डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं. काठभर दांड्यांवर डोळे उभे होते आणि उंबऱ्या-उंबऱ्यावर काहीतरी चमकत होतं. तिचं हसू ओसरलं. आपल्या अंगाला काय लागलंय ते बघावं तसं तिनं स्वतःकडं पाहिलं. मग हळूच एक पाय पोटाखाली घेतला. थोड्या वेळानं दुसरा. आणि मग कुणी काही न सांगता तिची एक नांगी सावकाश उचलली गेली आणि तोंडाआड येऊन थांबली.